इनटेक व्हॉल्व्हवरची काजळी: फवारा, ब्रश की अक्रोडाची टरफलं?

टाकीत ओतायचा क्लीनर डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हपर्यंत (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत) पोहोचतच नाही. तिथे इंधन थेट सिलिंडरमध्ये सुटतं, व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबही पडत नाही. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंधन व्हॉल्व्हच्या आधीच, हवेच्या वाटेत (पोर्टमध्ये) सुटतं आणि तेच पेट्रोल व्हॉल्व्ह धुऊन काढतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये मात्र क्रँककेसमधून (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागातून) पीसीव्हीवाटे, म्हणजे तिथली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या झडपेवाटे येणारी तेलाची वाफ गरम व्हॉल्व्हवर बसते, भाजते आणि थरावर थर चढतो. टोयोटाच्या डी-४एससारख्या इंजिनांना दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, त्यामुळे त्यांना हा त्रास बराच कमी.

सकाळच्या थंड स्टार्टला गाडी थरथरते, मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा) पी०३०० कोड स्कॅनरवर येतो, वरच्या आरपीएमला दम कमी पडतो. पण कॉइल किंवा प्लग गेला तरी हेच होतं. म्हणून आधी ते तपासा, मग मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा भाग) काढून किंवा सेन्सरच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघा.

पातळ, तेलकट थर असेल तर फवारा चालतो. इंजिन गरम करायचं, एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) ओलांडून इंजिनाच्या बाजूला (सेन्सरवर कधीच नाही) नळी घालायची, आरपीएम २,००० च्या आसपास धरून थोडा थोडा फवारा मारायचा. आरपीएम ३,५०० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. डबा संपला की इंजिन बंद करून तासभर मुरू द्यायचं, मग गाडी मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवायची. एकदम जास्त मारलं तर द्रव सिलिंडरमध्ये साचतो, आणि द्रव दाबला जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. दगडासारख्या घट्ट काजळीला फवारा फक्त वरवर ओला करतो. हायड्रोजन वायू सोडणाऱ्या मशीनचं तर विचारूच नका. तो वायू जळतो सिलिंडरच्या आत, आणि काजळी असते व्हॉल्व्हच्या मागे, ज्वाळा पोहोचत नाही तिथे.

खरी सफाई मॅनिफोल्ड उतरवूनच होते, आणि त्यात चुकतं ते एकाच ठिकाणी: व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि कचरा सिलिंडरमध्ये पडतो. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरच्या (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाच्या) चार सिलिंडर इंजिनात पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (हवा दाबून पिस्टन सगळ्यात वर पोहोचतो तिथे) आणला की १ आणि २ चे इनटेक व्हॉल्व्ह बंद असतात. क्रँक (पिस्टन हलवणारा इंजिनाचा मुख्य दांडा) एक पूर्ण फेरा फिरवला की ३ आणि ४ चे. क्रँक बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवा. तरी खात्री म्हणून टॉर्च मारून बघा. बाकी पोर्टांना टेप लावा.

अक्रोडाच्या टरफलांचा कोरडा भुगा कॉम्प्रेसरच्या ८० ते १०० पीएसआय दाबाच्या हवेने मारायचा, सोबत व्हॅक्युमचा अडॅप्टर पोर्टवर घट्ट बसवायचा. टरफल काजळीपेक्षा कठीण आणि धातूपेक्षा मऊ, म्हणून व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कड) ओरखडत नाही. वाळू मात्र ओरखडते. कॉम्प्रेसर छोटा असेल तर दाब पडतो आणि तासन्‌तास जातात. भुगा दमट झाला की नोझल तुंबते. काही सेकंदांचे फवारे, मग बघायचं, नोझलचा कोन बदलायचा. व्हॉल्व्ह स्टेमच्या (व्हॉल्व्हच्या दांडीच्या) मागची बाजू नेहमी राहून जाते. अक्रोडाची ॲलर्जी असलेल्याने हे काम करू नये. बाकीच्यांनीही मास्क लावावा.

कॉम्प्रेसर नसेल तर सॉल्व्हंट: बंद व्हॉल्व्ह बुडेल एवढं ओता, अर्धा तास ठेवा, नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने घासा, व्हॅक्युमने ओढून घ्या. जुन्या थराला तीन-चार फेऱ्या लागतात. लोखंडी ब्रश नको, त्याचा तुटका काटा सिलिंडरमध्ये गेला तर काम वाढतं. ज्वलनशील सॉल्व्हंट असेल तर साध्या घरगुती व्हॅक्युमच्या मोटरची ठिणगी पुरे. तिथे हाताने ओढायची सिरिंज किंवा कापडच बरं.

बसवताना मॅनिफोल्डची गॅस्केट नवी, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला क्रमाने, कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच). सॉल्व्हंट वापरलं असेल तर प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून इंजिन फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये झिरपलेलं बाहेर पडेल. तेलही बदला, ते पातळ झालेलं असतं. पहिल्या स्टार्टला थोडा पांढरा धूर आणि एखाद-दोन मिनिटं खडखडाट आला तरी घाबरू नका. पाच मिनिटांनंतरही एकच सिलिंडर मिसफायर देत असेल तर सीटमध्ये टरफलाचा कण अडकला आहे का ते बघण्यासाठी कॉम्प्रेशन मोजा.