घरावरचं कॅव्हेट उतरवताना: माझा मेलबर्नचा अनुभव

मार्चमध्ये जमीन नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. आमच्या टार्नीटच्या घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदीवर, कॅव्हेट नोंदवलं गेलं होतं. घर विकायचा करार झालेला, सेटलमेंटला (उरलेले पैसे घेऊन घर खरेदीदाराच्या नावावर करायच्या दिवसाला) जेमतेम चार आठवडे उरलेले, आणि नव्या घराची दहा टक्के अनामत आम्ही भरून बसलो होतो.

मी साताऱ्याला बाबांना फोन केला. त्यांनी सगळी नोकरी दिवाणी कोर्टात कारकून म्हणून केली. ते म्हणाले, "अगं, घाबरतेस कशाला? कॅव्हेट नव्वद दिवसांत आपोआप संपतं." बाबांचं चुकलं नव्हतं. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली लावतात ते कॅव्हेट म्हणजे "माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" एवढी कोर्टाला केलेली विनंती. त्याची मुदत 90 दिवस. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, मात्र त्याच नावाखाली वेगळंच काही आहे. इथे ते थेट जमिनीच्या टायटलवर बसतं आणि ते असेपर्यंत खरेदीदाराच्या नावावर घर चढत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढावा तसं म्हटलं तर आपल्याला चटकन कळेल, फक्त इथली पकड जास्त घट्ट. कारण इथे रजिस्टरमध्ये ज्याचं नाव, तोच मालक. 1858 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स यांनी ही पद्धत आणली, तिचा सगळा भर त्या एका नोंदीवर आहे.

कॅव्हेट लावणारे माझ्या नवऱ्याचे जुने भागीदार. धंद्यासाठी त्यांनी 45,000 डॉलर उसने दिले होते, 20,000 आम्ही परत केले होते. उरलेले 25,000 आम्ही कधीच नाकारले नाहीत. ते व्याज धरून 38,000 मागत होते. नवऱ्याने एकदा त्यांना मेसेज केला होता, "घर विकलं की तुमचे पैसे देतो." त्या एका ओळीवर त्यांनी घरावर हक्क सांगितला. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "वहिनी, माझे पैसे बुडू नयेत म्हणून केलं." त्यांची भीती मला समजत होती. पण त्या भीतीपायी आमची दोन घरं अडकली होती. सेटलमेंट चुकलं असतं तर खरेदीदाराने 14 दिवसांची नोटीस देऊन करारच मोडला असता.

नोंदणी कार्यालय दावा खरा की खोटा ते तपासत नाही. अर्ज नियमात बसला की नोंद होते. उतरवायचे रस्ते मुख्यतः दोन. पहिला ट्रान्सफर ऑफ लँड अ‍ॅक्ट, 1958 च्या कलम 89अ चा: वकिलाच्या दाखल्यासह रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. मग रजिस्ट्रार समोरच्याला नोटीस देतो, आणि त्याने निदान 30 दिवसांच्या त्या मुदतीत कोर्टात दावा लावला नाही तर कॅव्हेट गळून पडतं. स्वस्त आणि शांत रस्ता, पण आमच्या हातात 30 दिवस नव्हते. दुसरा कलम 90(3) चा, म्हणजे सरळ कोर्ट. खर्च बराच होणार होता, तरी आम्ही सुप्रीम कोर्टात गेलो. (इथे सुप्रीम कोर्ट म्हणजे राज्याचं वरचं कोर्ट, आपल्या हायकोर्टासारखं.)

प्रतिज्ञापत्राला तीन रात्री लागल्या. आमच्या वकीलबाईंनी एक गोष्ट बजावली होती: देणं लपवू नका. म्हणून 25,000 बाकी असल्याचं पहिल्याच पानावर लिहिलं, बँकेची स्टेटमेंट्स जोडली, सगळे मेसेज मराठीतून इंग्रजीत भाषांतर करून जोडले, नवऱ्याची ती ओळसुद्धा.

सुनावणीत मला सर्वांत मोठा दिलासा मिळाला तो एका नियमाने. अर्ज आमचा होता, तरी आधी सिद्ध करायचं होतं ते त्यांना. जमिनीत आपला हक्क असल्याचं प्रथमदर्शनी तरी दाखवायचं, आणि मग घर अडकवून ठेवल्याने कोणाचं किती नुकसान होतं ते तोलायचं. न्यायाधीशांनी त्यांच्या बॅरिस्टरना पुन्हा पुन्हा एकच विचारलं: जमिनीत हक्क देणारा कागद कोणता? विक्रीच्या पैशातून देतो असं म्हणणं निराळं, घर तारण लिहून देणं निराळं. तसा कागद नव्हताच. वादातली रक्कम वकीलबाईंच्या ट्रस्ट खात्यात (अशिलांचे पैसे सांभाळायच्या वेगळ्या खात्यात) ठेवायची तयारी आम्ही दाखवली होती, पण तिची गरज पडली नाही. कॅव्हेट काढण्याचा आदेश झाला, कोर्टाचा खर्चही त्यांच्यावर आला. आदेश नोंदणी कार्यालयात गेला आणि सेटलमेंट ठरल्या दिवशी झालं.

रास्त कारणाशिवाय कॅव्हेट लावणाऱ्याकडून त्याच कायद्याच्या कलम 118 खाली भरपाई मागता येते. आम्ही मागितली नाही. समोरच्याला आपल्या हक्काबद्दल प्रामाणिक आणि सकारण विश्वास नव्हता, हे आम्हाला सिद्ध करावं लागलं असतं, आणि त्यांना खरोखर तसं वाटत होतं असं मला आजही वाटतं.

सेटलमेंटच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे 25,000 त्यांच्या खात्यात भरले. व्याजाच्या 13,000 साठी त्यांनी आता मॅजिस्ट्रेट कोर्टात दावा केलाय. ती सुनावणी व्हायची आहे. बाबांनी आदेशाची प्रत मागवून घेतली आणि फोनवर मला त्यातल्या एकेका परिच्छेदाचा अर्थ विचारत बसले.