दादाचा अपघात, सीबीडी तेल आणि माझं वाचन

अपघातात डोक्याला मार बसलेल्या दादाला अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवलं आणि भेटायला येणाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. त्यात सीबीडी तेल वारंवार यायचं. भांगेच्या झाडातलं, पण नशा नाही, मेंदूची सूज उतरते म्हणे. वहिनी मागवायलाच निघाली होती. मी म्हटलं, थांब, आधी वाचते.

वाचताना खरंच गुंतले. भांगेतल्या द्रव्यांचे मेंदूतले भाईबंद आपलं शरीर स्वतःच बनवतं. आनंदामाइड 1992 मध्ये सापडलं, 2-एजी 1995 मध्ये. डोक्याला मार बसला की चेतापेशींतून ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन बेसुमार सुटतं आणि आसपासच्या पेशी त्यानेच मरतात. 2-एजी उलट्या दिशेने जातं: संदेश घेणाऱ्या पेशीत तयार होतं, पाठवणाऱ्या पेशीच्या सीबी1 ग्राहीवर, म्हणजे अशी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागेवर, जाऊन बसतं आणि ग्लुटामेटचा नळ आवळतं. 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात मार बसलेल्या उंदरांच्या मेंदूत ते आपोआप वाढलेलं दिसलं. वरून टोचल्यावर सूजही कमी झाली. ते वाचून मला आशा वाटली, खोटं कशाला बोलू!

मग माणसांवरच्या चाचण्या काढल्या. भांगेतल्या द्रव्यांच्या धर्तीवर बनवलेलं डेक्सानाबिनॉल हे औषध डोक्याला मार बसलेल्या 861 रुग्णांच्या चाचणीत इजेनंतर सहा तासांच्या आत दिलं होतं. 2006 चा निकाल असा, की सहा महिन्यांनी औषधवाले आणि औषधाविना असलेले सारखेच. गंमत म्हणजे हे औषध सीबी1वर काम करतच नाही, म्हणजे खऱ्या कल्पनेची परीक्षा तिथे झालीच नव्हती. सीबी1 आणि त्याच जातीचा दुसरा ग्राही सीबी2, दोन्हींवर काम करणारं दुसरं औषध कोमातल्या 97 जणांना देऊन पाहिलं. पहिल्या महिन्यात जगण्याचं प्रमाण सुधारलं, सहा महिन्यांनी तो फरक उरला नाही.

बाटलीतलं सीबीडी तर सीबी1ला धड चिकटतही नाही. आणि दादाच्या अपघाताला आठवडे उलटले होते, सहा तासांची गोष्ट कुठली.

तरी डॉक्टरांना विचारलंच. बाईंनी गोळ्यांच्या यादीवर बोट ठेवलं: “फिट येऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट चालू आहे ना? त्याच्या जोडीला सीबीडी घेतलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात. आणि ही गोळी मी बंद करणार नाही.”

वहिनीने यादीचा फोटो काढून घेतला. आता कुणी नवा उपाय सांगितला की ती आधी फोन उघडून तो फोटो समोर धरते.