‘अक्का, तुम्ही काय खाल्लं?’

सोमवारी आमच्या केमोच्या वॉर्डात मान वर करायला सवड नसते. त्याच गर्दीत अक्का तपासणीला आल्या.

अकरा वर्षांपूर्वी पोट फुगतंय, दोन घासांत भरतंय म्हणून त्यांनी कित्येक महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. निघाला अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. मोठं ऑपरेशन, मग दर 3 आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं, अशा 6 सायकल. या स्टेजला बहुतेकींचा आजार पुन्हा उलटतो. अक्कांचा नाही उलटला. त्या दिवशीही सीए-125, म्हणजे या आजाराची रक्तातली खूण, पस्तिसाच्या नेहमीच्या मर्यादेच्या बरीच खाली.

शेजारच्या खाटेवर नवी पेशंट, दुसरी सायकल. तिची मुलगी वही उघडूनच बसली. “अक्का, तुम्ही काय खाल्लं? गव्हांकुराचा रस?”

“भाकरी, शेंगाचटणी. तोंड आलं की मऊ भात.”

“आणि मन पॉझिटिव्ह ठेवलंत ना?”

“कुठलं गं! लई रडले. गल्लीतल्या बायका संध्याकाळी ओढून सिद्धेश्वर तळ्यावर फिरायला न्यायच्या, तिथंसुद्धा रडले.”

खाटेवरची बाई एकदम हुंदका देऊन रडायला लागली. घरात म्हणे तिला रडूच देत नव्हते. रडलं की गाठ वाढते!

मी सलाईन बघायचं निमित्त करून मान खाली घातली. ‘मन खंबीर ठेवा, निम्मा आजार पळतो’ हे मीच किती जणींना ऐकवलंय. रडण्यानं गाठ वाढते याला काही आधार नाही. ऑपरेशनमध्ये किती गाठ निघाली, कार्बोप्लॅटिनसारखं प्लॅटिनमचं औषध किती लागू पडलं, यावर खूप काही ठरतं, उरलेलं नशीब. चालणं, पोटभर प्रथिनं, झोप, सोबत हे मी आजही सांगते, कारण त्यानं अंगात त्राण राहतं. झोप-भूक उडून आठवडेच्या आठवडे उदास वाटलं, तर त्यावर वेगळे उपचार असतात, हेही त्या मुलीला सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं नाही. तिला रसच हवा होता.

अक्का जन्मभर बिड्या वळायच्या. तिसऱ्या सायकलनंतर बोटं बधिर झाली, धागा हाताला कळेना. बोलता बोलता त्यांनी सुईच्या वेष्टनाचा कागद उचलला, सुरळी केली, पदराचा एक दोरा उपसून गाठ मारली. बिडीच जणू. ती त्या बाईच्या तळव्यावर ठेवली.

“बोटं अजून बधिरच हैत. आता बघून बघून बांधते.”