सातबाऱ्यावर नाव एकाचं, हात दुसऱ्याचा

गेल्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला आणि त्यानंतर कितीतरी दिवस आम्हा तलाठ्यांना पंचनाम्यांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आडवा झालेला ऊस, खरवडून गेलेली माती, गाळाने भरलेल्या विहिरी. कागदावर आता आमचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ आहे, पण गावाला आम्ही भाऊसाहेबच. दिवाळीच्या तोंडावर असाच एका बांधावर उभा होतो, तेव्हा पोलीस ठाण्यातून फोन आला: ओढ्याकडच्या अमुक गटाचा सातबारा आणि गाव नकाशा घेऊन लगेच या. कशासाठी, ते सांगितलं नाही. अशा कारवाईत बातमी फुटू नये म्हणून आधी कधीच सांगत नाहीत. जागेवर पोचलो तर दोन सरकारी पंच, फोटोग्राफर, गावातल्या किराणा दुकानदाराचा वजनकाटा आणि लाखेचा डबा, अशी सगळी जमवाजमव दिसली. मग कळायला वेळ लागला नाही: गांजाची लागवड.

गट तसा कोरडवाहू. वरच्या अंगाला तूर, खाली जमीन टप्प्याटप्प्याने ओढ्यात उतरते. तो उताराचा भाग सातबाऱ्यावर पोटखराबा आहे, म्हणजे पिकाखाली नसलेली जमीन; तिला शेतसारा नाही आणि कुणाचं लक्षही नाही. तिथे वेडी बाभूळ इतकी माजलेली की शेळ्यासुद्धा आत शिरत नाहीत. सीनेच्या फुगवट्याने ओढा उलटा भरला आणि पाणी ओसरताना बाहेरच्या बाजूची बाभूळ मुळासकट ओढून घेऊन गेलं. जो पडदा होता तोच गेला. त्यात पंचनाम्यांमुळे ओढ्याकाठी माणसांची ये-जा वाढली होती. कुणाच्या तरी नजरेला पडलं असणार.

आत दोनेक गुंठे जागा साफ केलेली होती. एक्केचाळीस झाडं, बहुतेक माणसाच्या डोक्यावर गेलेली, शेंड्यांना दाट फुलोरा. वाऱ्याची झुळूक आली की उग्र वास थेट नाकात शिरायचा. प्रत्येक झाडाला नेटकं आळं, आळ्यात कुजलेलं शेणखत, तणाची एक काडी नाही. ठिबकची काळी नळी तुरीच्या सरीतून मातीखाली गाडून आणलेली, फक्त शेवटच्या टप्प्यावर उघडी. पंचांमधले एक कृषी खात्यातले होते. ते हळूच म्हणाले, “नर झाड एकही ठेवलेलं नाही बघा. वेळेत ओळखून उपटलीत.” मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे. एवढी निगुतीची लागवड रोज उठून येणाऱ्या, वाकून काम करणाऱ्या माणसाची असते. पंचनाम्यात झाडांची संख्या आली, उंची आली, वास आला. ही निगा मात्र कुठेच आली नाही. माझ्या मते तिथला सगळ्यात मोठा पुरावा तोच होता.

मग वजन. बाहेरच्या माणसाला वाटतं, गांजा तो गांजा, किती का भरेना. तसं नाही. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आणि वजनाची पायरी फार महत्त्वाची आहे: एक किलोच्या आत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाण म्हटलं की किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि जामिनाला कलम ३७ ची आडकाठी. आता आमच्याकडची काळी चिकण माती, त्यात परतीचा पाऊस पडून गेलेला. झाड उपटलं की मुळाला हा एवढा गोळा लटकून येतो. झाडं तशीच गोणीत कोंबायला घेतली, तेव्हा मी आणि कृषीवाले दोघांनीही हरकत घेतली. माती झटकली, ती झटकली म्हणण्यापुरतीच. मुळं, बोटाएवढे जाड दांडे, हिरवी पानं, सगळं काट्यावर चढलं आणि आकडा आला चौतीस किलो. शेंडे वेगळे काढून तोलले असते तर वीसच्या किती खाली आले असते, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. हिरवा माल वाळला की वजन निम्म्याहून खाली येतं ते वेगळंच. कारवाईवरचे पोलीस साहेब म्हणाले, “पुढं मॅजिस्ट्रेटसमोर नमुने निघतील, तेव्हा बघतील ते.” नमुने निघतील हे खरं, पण गुन्ह्याची कलमं त्या चौतीस किलोवर त्याच रात्री लागली. मोबाईलवर सगळ्याचं चित्रीकरण होतं, सुतळी-लाख-सह्या चोख होत्या. चोख नव्हतं ते फक्त वजन.

माझ्या वाट्याचं काम त्यानंतरचं: जागा कुणाची, ते सांगायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही आणि या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ओढ्याचं पात्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं. काठावरचा पोटखराबा खातेदाराचा. झाडं या बाजूला असतील तर सातबाऱ्यावरचं नाव अडकतं, त्या बाजूला असतील तर ती सरकारी जमीन. आणि पुराने काठच कापून नेलेला! हद्दीचा एक दगड मला सापडला, दुसऱ्याच्या जागी निव्वळ दरड कोसळलेली. सापडलेल्या दगडापासून जुन्या टिपणाच्या, म्हणजे मोजणीच्या जुन्या कागदाच्या, मापाने पावलं टाकून पाहिली, तर निम्म्या ओळी गटात पडत होत्या, उरलेल्यांचं काही सांगता येईना. साहेबांना तिथल्या तिथे “गट क्रमांक अमुकमध्ये” असा दाखला हवा होता. मी लिहिलं: ‘हद्द अंदाजे; भूमी अभिलेखच्या मोजणीअंती निश्चित होईल.’ त्यावर ते चिडले. चिडू देत. पावलांनी मोजून कुणाला दहा वर्षं आत पाठवायची माझी तयारी नाही.

आता सातबारा. त्यावर सामाईकात चार नावं. एक मयत, त्यांच्या वारसांची नोंद प्रलंबित. दोघं भाऊ पिंपरीकडे कंपनीत, सणासुदीलाही येत नाहीत. चौथं नाव त्यांच्या चुलतीचं, म्हणजे गावात एकट्या राहणाऱ्या आजींचं. शेत कसतो तो वाटेकरी. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, कागदाला मात्र नाही. याचं कारण खूप जुनं. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक ठरलं, आणि ती धास्ती आमच्या भागातल्या खातेदारांच्या मनातून आजही गेलेली नाही. वाटेकऱ्याचं नाव चिठोऱ्यावरसुद्धा येऊ द्यायचं नाही. सगळं तोंडी, अर्धलीने, विश्वासावर. जमीन जाऊ नये म्हणून जपलेला हा रिवाज आता आजींच्याच गळ्याशी आला.

संध्याकाळी त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्या कंदिलाची काच पुसत बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच समजला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊसाहेब, सातबाऱ्यावर नाव हाय म्हून म्या पेरलं व्हय? माझं गुडघं बघा की. वड्याकडं जाऊन किती वर्सं झाली, ते बी ध्यानात न्हाई.” वाटेकऱ्याचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. त्याच्या घराला कुलूप होतं. तो कर्नाटकात पाहुण्यांकडे गेला, असं शेजारी म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर महिला शिपाई येऊन आजींना घेऊन गेल्या.

मी माझ्या दाखल्यात आणखी एक ओळ घातली: ‘प्रत्यक्ष वहिवाट खातेदारांची नसून तोंडी वाट्याने अन्य इसमाची असल्याचे ग्रामस्थ सांगतात.’ साहेबांचं म्हणणं, एवढं कशाला लिहिता, सातबारा जोडा आणि सुटा. तपास करणारा माणूस असं कसं म्हणू शकतो, हे मला अजून उमगलेलं नाही. हाताशी असलेलं नाव धरलं की फाईल पुढे सरकते, हे या कामाचं दुखणं आहे आणि त्याला आमचा महसूल विभागही अपवाद नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाईलवरून होणारी पिकाची, नोंद उघडली. खरीप हंगाम, पीक तूर, जलसिंचनाच्या रकान्यात ‘अजलसिंचित’. सोबत ऑगस्टमधला फोटो. तूर गुडघ्याएवढी. आणि फोटोच्या डाव्या कडेला, सरीतून जाणारी काळी नळी. कोरडवाहू तुरीत ठिबकची नळी! आजींकडे स्मार्टफोन नाही, साधा बटणांचा आहे. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणजे तुरीची ही नोंद दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून झाली. तो माणूस ऑगस्टात त्या सरीत उभा होता. फोटोवर ठिकाण आहे, तारीख आहे, आणि नोंद कुठल्या नंबरवरून झाली तेही यंत्रणेत असणारच.

हे सगळं मी लेखी कळवलं, फोटोची प्रत जोडून आणि पोच घेऊन. उत्तर आलेलं नाही. मोजणीचं पत्रही अजून निघालेलं नाही. पावसाळ्यापर्यंत ते निघालं नाही तर उरलेला काठही शाबूत राहील की नाही, सांगता येत नाही. आजींचा जामीन विशेष न्यायालयाने त्या चौतीस किलोंवर बोट ठेवून नाकारला. आता पिंपरीच्या पुतण्यांनी वकील दिलाय आणि अर्ज उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. मुळं-दांड्यांसकट केलेल्या वजनाच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी याआधी जामीन दिलेले आहेत, असं वकील सांगतात. त्यांना मी माझ्या दाखल्याची आणि त्या पत्राची प्रत मागण्याचा रीतसर अर्ज करायला सांगितलं. तो आला, त्याच दिवशी नकला दिल्या. साक्षीला बोलावतील तेव्हा नळीचं आणि दगडाचं मी विचारायची वाट न बघता सांगणार आहे.