डब्यावरचा त्रिकोण पाण्यासाठी नाहीये

औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण आपल्याकडं शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, लाल म्हणजे जालीम, मग पिवळा, निळा आणि हिरवा म्हणजे बिनधास्त. तासगावच्या बाजूला माझ्या चुलत्यांची द्राक्षबाग आहे. फळछाटणी झाली की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं फवारण्या सुरू होतात, आणि गेल्या सीझनला पंप धुतलेलं पाणी ते शेततळ्याच्या कडेला ओतत होते. मी म्हटलं अण्णा, हे तिकडं नका टाकू, तळ्यात उतरतंय. तर म्हणाले, "अगं त्रिकोण हिरवा हाय बघ, हिरव्यानं काय होतंय?"

अण्णांचं काही चुकलं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. तो त्रिकोण उंदरांवरच्या टेस्टवरून ठरतो. उंदराच्या दर किलो वजनामागं किती मिलिग्रॅम औषध पोटात गेलं की निम्मे उंदीर मरतात, असा तो आकडा, ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याच्या वर हिरवा. म्हणजे फवारणाऱ्या माणसाला धोका किती याचा तो अंदाज आहे आणि तेवढ्यासाठी तो चांगलाच आहे. पाण्यातल्या जिवांचा त्यात संबंधच येत नाही. मॅन्कोझेब घ्या, बागेत भरपूर वापरलं जाणारं बुरशीनाशक, त्रिकोण हिरवा, पण जागतिक वर्गीकरणात तेच "जलचरांसाठी अतिशय विषारी" या गटात बसतं. त्या गटात यायला अट अशी की एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी औषधानंच मासा, डॅफ्निया (पाण्यातला एक बारीक जीव) किंवा शेवाळ यांच्यावर परिणाम झाला पाहिजे. आता हिशोब करा, लाख लिटरचं तळं धरलं तर १ मिलिग्रॅमची पातळी गाठायला १०० ग्रॅम औषध लागतं. अर्ध्या किलोच्या ७५ टक्केवाल्या पुड्यात ३७५ ग्रॅम असतं.

मी सांगलीत झूलॉजी शिकवते आणि एमएस्सीच्या पोरांकडून प्रोजेक्टला डॅफ्नियावरची ही टेस्ट करून घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जगभर जी पद्धत मानतात ती ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार संघटनेची गाइडलाइन २०२, पहिल्यांदा १९८४ मध्ये आली आणि २००४ मध्ये सुधारली. प्राणी म्हणजे डॅफ्निया, पाण्यातली पिसू म्हणतात तिला, पण पिसवांशी नातं नाही, ती झिंग्या-खेकड्यांच्या कुळातली. फिश टँक ठेवणाऱ्यांना तिची छोटी बहीण मोइना माहीत असते, गप्पीच्या पिल्लांना खायला घालतात ती. तळ्यात ती शेवाळ खाते आणि तिला माशांची पिल्लं खातात, म्हणजे ती गेली की एकीकडं पाणी हिरवं होत जातं आणि दुसरीकडं पिल्लं उपाशी.

टेस्टला २४ तासांच्या आतली पिल्लंच लागतात, आणि आईच्या पहिल्या वेतातली शक्यतो घ्यायची नाहीत. पिल्लू काढायचा ड्रॉपर टोक कापून रुंद केलेला हवा, आणि सोडताना टोक पाण्याखाली बुडवूनच सोडायचं, कारण हवेचा बुडबुडा तिच्या कवचात अडकला तर ती वर तरंगत राहते, परत खाली जाताच येत नाही, आणि मग ती औषधानं गेली का हवेनं हे कळायला मार्ग नाही. मायक्रोस्कोपखाली बघितलीत तर अंगातून आरपार दिसतं, पाठीमागं एवढंसं हृदय इतकं भराभर उडत असतं की मोजता येत नाही, आतड्यात हिरवी रेघ, आणि डोक्याजवळच्या दोन फांद्यांसारख्या स्पर्शिकांनी झटके देत देत ती वर चढते. पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा लॅब एकदम शांत होते, मला तो क्षण दरवर्षी आवडतो.

मग कमीत कमी पाच डोस, प्रत्येक डोस आधीच्याच्या साधारण दुप्पट, २.२ पटीच्या वर जायचं नाही. प्रत्येक डोसला २० पिल्लं, पाच-पाचच्या चार ग्लासांत, प्रत्येकीला निदान २ मिली पाणी. सोबत औषध नसलेला कंट्रोल. ४८ तास खायला काही द्यायचं नाही, हवेचा पंप लावायचा नाही, तापमान १८ ते २२ डिग्री. आता सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळीसला टेकतो, तेव्हा एसी नसलेल्या लॅबमध्ये हे जमतच नाही, लाइट गेली की सगळी टेस्ट गेली, म्हणून आम्ही ही कामं थंडीतच उरकतो. पाण्याचंही तेच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते चालत नाही, शुद्ध पाण्यात कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार मोजून घालायचे.

२४ तासांनी एकदा आणि ४८ तासांनी एकदा बघायचं. ग्लास हलकेच हलवायचा आणि १५ सेकंद नजर ठेवायची. जी तेवढ्यात पोहली नाही ती निकामी धरायची, मग तिची स्पर्शिका हलत असली तरी. पोरं इथं दरवेळी वाद घालतात, मॅडम ही जिवंत आहे की, हृदय चालू आहे. आहे जिवंत. पण तळ्यात जी पोहू शकत नाही ती तळाला जाते आणि खाता येत नाही म्हणून मरते किंवा कुणीतरी तिला खातं, त्यामुळं मरण मोजण्यापेक्षा पोहणं बंद होणं मोजलंय हे मला बरोबरच वाटतं. ज्या पातळीला निम्म्या थांबतात तिला ईसी ५० म्हणतात. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त थांबल्या किंवा शेवटी पाण्यात ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर सगळी टेस्ट रद्द, कितीही छान आकडा आलेला असू दे. आणि मधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेट या नारिंगी रसायनावर तीच टेस्ट लावून बघायची, त्याचा २४ तासांचा ईसी ५० लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅम यातच यायला पाहिजे, नाही आला तर आपल्या पिसवाच आजारी आहेत असं समजायचं. कल्चरमध्ये नर दिसायला लागले, पाठीवर अंड्यांची काळपट कवचं दिसायला लागली तरी तेच, कारण सुखात असली की डॅफ्निया नराशिवाय नुसत्या माद्याच जन्माला घालते, त्रास झाला की नर आणि सुकून टिकणारी अंडी.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते, ईसी ५० म्हणजे सेफ लिमिट नव्हे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे वाक्य आलं की मी लाल पेन काढते. निम्म्या पिसवा बंद पडल्या ती पातळी सेफ कशी असेल? युरोपात कीटकनाशकाला परवानगी देताना पहिल्या पायरीवर असं बघतात की पाण्यात येऊ शकणारी पातळी आणि डॅफ्नियाचा हा आकडा यांच्यात निदान १०० पटींचं अंतर आहे का.

मोरचुदाचं उदाहरण वेगळंच आहे. बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि चुना, आपल्या बागांतलं जुनं औषध, लोक त्याला औषध कमी आणि घरचं जास्त समजतात. पण तांबं डॅफ्नियाला लिटरमागं काही दहा मायक्रोग्रॅमलाच बाधतं, आणि किती बाधतं ते पाण्यावर ठरतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तांब्याची जागा अडवतात, त्यामुळं ज्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही तिथं परिणाम कमी दिसतो, आणि महाबळेश्वर, कोयनेच्या बाजूच्या पावसाच्या मऊ पाण्यात तेवढंच तांबं जास्त मारतं. म्हणजे साताऱ्याच्या घाटातल्या ओढ्याला तासगावच्या बोअरचा आकडा लावून चालायचं नाही. टेस्ट कुठल्या पाण्यात केली हे रिपोर्टमध्ये नसेल तर तो आकडा अर्धवट आहे असंच मी धरते.

आणि नुसत्या डॅफ्नियावर विसंबूनही चालत नाही. इमिडाक्लोप्रिड, तुडतुड्यांना मारतात ते, त्याला डॅफ्निया दाद देत नाही, ईसी ५० लिटरला ८५ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्यावर थांबलं तर कुणीही म्हणेल चला, पाण्याला निर्धोक आहे. पण डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या कायरोनोमस माशीच्या अळ्या, मे-फ्लाय या पाण्याकाठच्या माशीची पिल्लं, यांना तेच औषध मायक्रोग्रॅममध्येच बाधतं, कारण ते कीटकाच्या मज्जातंतूंवर नेम धरून बनवलेलं आहे आणि ही पिल्लं कीटकच आहेत. म्हणून २०११ मध्ये ओईसीडीनं कायरोनोमसच्या अळीसाठी वेगळी गाइडलाइन काढली, २३५ नंबरची, तीही ४८ तासांची.

आपल्याकडं कारखान्याच्या सांडपाण्याला नियम आहे, न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. मासा, ठीक आहे. नदीत मासे मेले की सांगलीत पेपरला फोटो येतो, लोक अंकलीच्या पुलावर जाऊन बघून येतात, पण माशाच्या आधी जे संपलेलं असतं त्याची बातमी होत नाही कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की माशाच्या जोडीला पिसवेची टेस्टही सक्तीची करावी. दोन दिवसांत निकाल येतो, चार क्षार, काचेचे ग्लास आणि एक थंड खोली एवढंच लागतं, तालुक्याच्या कॉलेजलाही झेपेल.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं नाही, तळ्यातलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरून दाखवलं, त्यात उड्या मारणाऱ्या मोइना दाखवल्या. "हे किडं न्हवं व्हय?" म्हणाले आणि बराच वेळ बघत बसले. आता पंप धुतलेलं पाणी बागेतल्याच ओळीत फवारून टाकतात, आणि डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत घेतात, ज्यामुळं औषधही वाया जात नाही. यंदा थंडीत मोइनावरच मोरचुदाची टेस्ट लावायचा विचार आहे, एक बॅच आमच्या मोजलेल्या क्षारांच्या पाण्यात आणि एक तासगावच्या बोअरच्या पाण्यात, कारण बाहेरून आणलेल्या डॅफ्निया मॅग्नापेक्षा इथल्या तळ्यातलं आणि इथली गरमी सोसणारं जनावर काय म्हणतंय ते मला बघायचंय. आकडे आले की इथं टाकते, आणि कुणाच्या तळ्यात कायरोनोमसच्या लाल अळ्या असतील, शेणाच्या पाण्यात होतात त्या, तर सांगा, त्यांचीही टेस्ट लावायची आहे.