समईला दिलेले चार गुण

बारा पारितोषिकं होती, त्यांतली दहा एकाच नाटकाला गेली. सातव्या-आठव्यानंतर निवेदिकेलाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण मंडळाचं नाव घेताना तिचा आवाज दर वेळी थोडा खाली यायला लागला. आधी टाळ्यांनी सभागृह दणाणत होतं, मग त्या फक्त उजवीकडच्या तीन रांगांतून येऊ लागल्या. रंगभूषेचं पारितोषिकही तिकडेच गेलं तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "आतां च्याचेंय इनाम तांकांच दियात!" चहाचंही बक्षीस यांनाच द्या म्हणे. एकच हशा पिकला. परीक्षकांच्या खुर्चीत बसून मीही हसलो. मग आठवलं, रंगभूषेत त्यांना सगळ्यांत जास्त गुण मीच दिले होते. आणि त्यांच्या खाँसाहेबांची दाढी शेवटच्या प्रवेशात एका कानापासून सुटून लोंबत होती.

मी ऑर्गन वाजवतो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या जत्रा-उत्सवांत नाटकांना साथ करत माझी उमेदीची वर्षं गेली. उतारवयात अशा माणसाला परीक्षक करतात. ही स्पर्धाही तशीच, एका संस्थेने भरवलेली संगीत नाटकांची. आम्ही तिघे परीक्षक: मी, सिंधुदुर्गातले एक जुने दिग्दर्शक आणि मुंबईहून आलेली एक तरुण रंगकर्मी. आठ दिवस, आठ नाटकं.

चर्चा झाली ती दोन नाटकांची. एक 'मत्स्यगंधा', दुसरं, दहा पारितोषिकं नेणारं, 'कट्यार काळजात घुसली'. वसंत कानेटकरांचं पहिलं 1964 चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दुसरं 1967 चं, आणि दोन्हींचं संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकीबुवा मंगेशीचे, म्हणजे आमच्याच दारचे. त्यामुळे 'गोंयकार म्हणून परीक्षकाने झुकतं माप दिलं' असं कोणी म्हणायची सोय नव्हती. झुकायचं तर दोन्हीकडे झुकावं लागलं असतं.

'मत्स्यगंधा' पाचव्या दिवशी झालं. मंडळ काणकोणकडचं. गाणं बरं होतं, फार वरचं नव्हतं. सत्यवतीचा वरचा षड्ज दोनदा चोरटा लागला. पण यमुनेचा काठ त्यांनी जो उभा केला तो अजून डोळ्यांसमोर आहे. मागच्या पडद्यावर पाणी हलत होतं. प्रोजेक्टर वगैरे काही नव्हता. मध्यंतरात मी मुद्दाम विंगेत डोकावलो. पत्र्याच्या परातीत दोन बोटं पाणी, तळाशी आरशाचे तुकडे, त्यावर तिरका सोडलेला एकच दिवा, आणि परातीच्या काठाला बोट लावून बसलेला एक मुलगा. नटी गाताना लय वाढली की त्याचं बोटही जलद होई. मी त्याला आठ दिले. दहापैकी आठ म्हणजे माझ्या हाताने फार.

'कट्यार' सातव्या दिवशी. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाटकच मुळी गाण्याच्या स्पर्धेचं आहे. दरबारात जिंकणाऱ्या गवयाला कट्यार मिळते आणि ती ज्याच्याकडे असेल त्याला एक खून माफ. खाँसाहेबांची ही भूमिका वसंतराव देशपांड्यांनी गाऊन ठेवल्यामुळे हौशी मंडळं तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. यांच्याकडे मात्र गळा होता. माणूस दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसतो असं नंतर कळलं. त्या दिवशी तो जे गायला त्यातली एक फिरत तरी मला बोटाखाली धरता आली असती का, शंकाच आहे.

प्रकाशयोजना मात्र सरधोपट होती. कोणी आलं की उजेड, गेलं की अंधार. हवेलीतली रात्र आणि दरबारातली दुपार सारखीच पिवळी. मी पेन्सिलीने पाच लिहिले. शेवटी सगळं शाईने भरायचं म्हणून आधी पेन्सिलीने टिपून ठेवायची माझी जुनी सवय.

उत्तरार्धात, खाँसाहेब ऐन रंगात आले असताना, वीज गेली.

अंधार, म्हणजे डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा. माइक गेले, पंखे थांबले, इलेक्ट्रॉनिक तानपुरा मुका झाला. पण पायाच्या ऑर्गनला विजेशी काय देणंघेणं! भाता चालतोय तोवर सूर आहे. साथीदाराने पाय थांबवला नाही, उलट षड्ज-पंचम लावून धरले, तानपुऱ्याची जागा भरली. तबलजीने ठेका हलका केला. आणि तो बँकवाला, ना माइक ना उजेड, काळी एकच्या पट्टीत तसाच पुढे गेला. सहाशे माणसं बसलेली, पण खोकल्याचासुद्धा आवाज नाही. माझ्या शेजारचे जुने दिग्दर्शक हळूच म्हणाले, "मास्तर, पूर्वी असंच ऐकायचे हो लोक."

मिनिटभराने विंगेतून उजेड हलत आला. कविराज झालेल्या नटाने, नाटकाआधीच्या पूजेसाठी लावलेली समई उचलून आणली होती. एक शब्द न बोलता तिने ती रंगमंचावर ठेवली. 'तिने' म्हणतोय, कारण कविराज एक बाई करत होत्या, तेही नंतर कळलं. आणि त्या तिथेच बैठक मारून ऐकू लागल्या. पाच वातींच्या उजेडात खाँसाहेबांची सावली मागच्या पडद्यावर छतापर्यंत गेली. जनरेटर सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागली असतील. दिवे आले तेव्हा लोक चक्क चिडले. मग वन्समोअरचा जो गदारोळ झाला तो मी जत्रेतही ऐकलेला नाही.

त्या रात्री आम्ही गुणपत्रिका भरल्या. मी रबर घेतलं, पाच खोडले, नऊ लिहिले.

प्रकाशयोजनाकार त्या सात मिनिटांत वरच्या खोलीत बंद पडलेल्या बोर्डासमोर बसून होता. त्याने काहीही केलं नव्हतं, करणं शक्यही नव्हतं. मी गुण दिले ते समईला, त्या बाईंच्या प्रसंगावधानाला, माझ्या अंगावर आलेल्या काट्याला. ते सगळं खरं होतं, फक्त रकाना चुकला. दाढीचंही तेच झालं. गाण्याच्या धुंदीत सुटलेली दाढी मला दिसली आणि दिसली नाही.

निकालानंतर जेवताना मुंबईच्या मुलीने विषय काढला. ती म्हणाली, "सर, पहिलं पारितोषिक त्यांचंच. गायन, दिग्दर्शन, ऑर्गन, तबला, सगळं त्यांचंच. पण दहा?" मग तिने ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचं सांगितलं. 2001 मध्ये 'द प्रोड्यूसर्स'ने तिथले बारा टोनी पुरस्कार नेले, ज्या ज्या विभागात नाव होतं तो प्रत्येक विभाग जिंकला, आणि हे खरंच इतकं चांगलं आहे का यावर लोक वाद घालत राहिले. 2016 मध्ये 'हॅमिल्टन'ची हवा त्याहून मोठी, सोळा नामांकनं, अकरा टोनी. "पण नेपथ्याचं त्यांना मिळालं नाही. 'शी लव्ह्स मी'ला गेलं. मुख्य अभिनेत्रीचंही दुसऱ्याच नाटकाला." जुने दिग्दर्शक म्हणाले, "तिकडे शेकडो लोक मत देतात गो. इथे आम्ही तिघे, आणि तिघेही एकाच रांगेत बसून एकाच वेळी रडलेले." मी काही बोललो नाही. मासे चांगले होते, त्यांवर लक्ष दिलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात जाऊन बेरीज पाहिली. 'मत्स्यगंधा'ला प्रकाशयोजनेत माझे आठ, बाकी दोघांचे आठ आणि सात: तेवीस. 'कट्यार'ला त्या दोघांचे सात आणि आठ, माझे नऊ: चोवीस. माझे पाच राहिले असते तर वीस. शाईतल्या नऊखाली पाचाची पोटरी अजून दिसत होती. दुरुस्ती करता येईल का, असं विचारलं. निकाल अंतिम असतो, असं उत्तर मिळालं. बरोबरच होतं त्यांचं. रंगभूषेची बेरीज मी पाहिलीच नाही.

परातीवाला मुलगा मला पंधरा दिवसांनी फोंड्याच्या बाजारात भेटला. मला चुकवून जाता आलं असतं, पण त्यानेच हाक मारली. "मास्तर, म्हजें खंय चुकलें तें सांगात." तक्रारीचा सूर नव्हता, शिकायला विचारत होता, त्यामुळे जास्तच लागलं. आम्ही एका हॉटेलात बसलो. मी त्याला पाच आणि नऊची गोष्ट सांगितली, रबरासकट. कट्यारवाल्या गवयाला एक खून माफ असतो, तसा परीक्षकालाही असावा असं काहीतरी विनोदाने म्हणून पाहिलं. तो हसला नाही. कपातला चहा ढवळत बसला.

मग त्याने विचारलं, "समय खंय दवरिल्ली?"

"समई ना? डावीकडे, ऑर्गनच्या बाजूला. जमिनीवरच, गवयाच्या पुढ्यात."

"पडद्यापसून किती पयस?"

मी हातांनी अंदाज दाखवला. त्याने डोळे बारीक केले, बोटाने टेबलावर एक रेघ ओढली, तिच्या टोकाला बशी ठेवली आणि बशीमागे कप. थोडा वेळ ते सगळं इकडेतिकडे सरकवत राहिला.

"म्हणजे सावळी वयर मेरेन गेली आसतली," तो म्हणाला. "हांव आसलों जाल्यार आनी एक हात फाटीं दवरपाचों." तो असता तर समई आणखी एक हात मागे ठेवली असती.

चहाचे पैसे मी काढले, पण त्याने आधीच दिले होते.