हुशार लेकराचं नुकसान होत नाही का?

"सर, गटात बसवलं की हुशार लेकराचं नुकसान नाही का होत?" लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत पालकसभा झाली की हा प्रश्न येतोच. परवा एका ताईंनी फाटकापाशी थांबवून पुन्हा विचारला. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नुकसान होऊ शकतं. सुरुवातीची काही वर्षं माझ्याच वर्गात होत होतं. धड्याखालचे प्रश्न गटाला द्यायचो. एक जण लिहायचा, बाकीचे उतरवून घ्यायचे. जे उत्तर पुस्तकात छापलेलंच आहे, त्याला चार डोकी कशाला लागतील?

मग प्रश्नच बदलला. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण कुणीच विसरलो नाही. पहिल्या गाडीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. म्हणून सातवीला विचारलं, शाळेच्या पत्र्यावर पडणारं पाणी आपल्याला वर्षभर प्यायला पुरेल का?

1971 साली मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत एक पद्धत सुरू केली. प्रत्येक मुलाकडे माहितीचा एकच तुकडा, सगळे जुळले तरच चित्र पुरं. मीही तसंच केलं. एकानं टेप धरून इमारत मोजायची, एकानं पावसाचा आकडा आणायचा, एकानं हजेरीवरून पोरं मोजायची, आणि एका मुलीनं घरोघरी पाणी कशात साठवतात ते विचारून यायचं.

20 मीटर बाय 6, म्हणजे 120 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. वर्षाचा 700 मिलिमीटर धरला तर 84,000 लिटर. पोरं 60, दर डोई 2 लिटर. 700 दिवस!

"पुरून उरतंय सर," म्हणत गटातल्या हुशार मुलानं पेन्सिल खाली ठेवली.

एरवी तोंड न उघडणारी ती मुलगी म्हणाली, "पण ठिवायचं कशात? आमच्या घरी दोनशे लिटरचं बॅरल हाय. एका पावसातच भरून वाहतंय."

त्यानं पेन्सिल पुन्हा उचलली. पाऊस संपल्यापासून उन्हाळी सुट्टीपर्यंत शाळेचे दिवस किती? 150 धरले. म्हणजे टाकी 18,000 लिटरची हवी. पत्र्यावरची घाण घेऊन येणारं पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं का, यावर अर्धा तास वाद झाला.

डी.एड.ला आम्ही ब्लूमच्या पायऱ्या, म्हणजे नुसत्या आठवण्यापासून वर चढत जाणारे विचारांचे टप्पे, घोकल्या होत्या. 2001 च्या सुधारित मांडणीत वरच्या तीन म्हणजे विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती. त्या पायऱ्या चढताना मी पाहिल्या त्या या वादात. आणि चढला कोण? तो हुशार मुलगाच. एकटा असता तर बरोबर आलेल्या गणितावर थांबला असता, आणि मीही त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

राहिला प्रश्न आयतं उतरवून घेणाऱ्यांचा. त्यासाठी शेवटी चिठ्ठी काढतो. ज्याचं नाव निघेल त्यानं गटाचं उत्तर फळ्यावर समजावायचं. त्यामुळे कुणीच मागे राहू नये याची काळजी आता गटच घेतो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर या, ताई. टाकी आवाराच्या कुठल्या कोपऱ्यात बसवायची, यावर पोरांचं अजून एकमत झालेलं नाही.